चर्चा करावी

शिकायला येणाऱ्यांना पैसे द्यायचे, ही गोष्ट नगरपालिकेच्या किरकोळ कामे विभागाला पहिल्या दिवशीच पचली नाही. परिपत्रकात पगार हा शब्द कुठेच नव्हता म्हणा. तिथे ‘मानधन’ होतं. टायपिस्टबाईंनी ते वाचता वाचता मान किती आणि धन किती याचा अंदाज घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "शिकणाऱ्याला पैसे. आणि शिकवणाऱ्याला?"

"शिकवणाऱ्याला परिपत्रक," शिपाई म्हणाला.

आप्पा हसले नाहीत. ते विभागाचे हेडक्लार्क. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत काढलेला माणूस. अर्जावरच्या सहीकडे बघून हा अर्जदार किती खेपा घालेल आणि कितव्या खेपेला कंटाळेल, हे ते सांगत, आणि चुकले तर एखाद्या खेपेने चुकत. हसण्याचा खर्च ते विचार करून करत. शिवाय परिपत्रकातलं सातवं कलम ते तेव्हा दुसऱ्यांदा वाचत होते. पहिल्यांदा वाचलं ते विभागासाठी. दुसऱ्यांदा वाचलं ते ताईसाठी.

कलम असं होतं: प्रत्येक विभागात दोन प्रशिक्षणार्थी, सहा महिने. सहा महिन्यांनी त्यांतल्या एकाला वर्षभराची मुदतवाढ. कोणाला, ते हेडक्लार्कच्या अहवालावरून ठरणार. अहवालात मुख्य रकाना एकच, ‘हातावेगळी केलेली प्रकरणे’. खाली अधिकाऱ्याची, म्हणजे साहेबांची सही.

ताई म्हणजे आप्पांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा आप्पा नऊ वर्षांचे होते आणि ताई पंधराची. तिने शाळा सोडली, घर उचललं आणि धाकट्याला असं वाढवलं की त्याला आईची आठवण यायला फुरसत मिळाली नाही. लग्नसुद्धा तिने हा नोकरीला लागल्यावर केलं. त्या सगळ्या वर्षांत तिने भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि हे न मागणं आप्पांना मागण्यापेक्षा जड जाई. या वर्षी तिने मागितलं.

"बाळ्या, पोरीचं तेवढं बघ. वर्षभर टिकली तर पुढचं पुढे."

"बघतो की, ताई."

"बघतो नको. तुम्हा ऑफिसवाल्यांचं बघतो मला ठाऊक आहे. करतो म्हण."

आप्पांनी एकवार तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. उठताना ती आता भिंतीचा आधार घेत होती.

"करतो," ते म्हणाले.

तर भाची आली. यादीत तिचा क्रमांक पहिला. तिच्याबरोबर जी आली ती यादीत दुसरी, म्हणून आप्पांच्या मनात तिचं नाव ‘दुसरी’ असंच पडलं आणि पुढे ते बदलायची गरज त्यांना वाटली नाही. सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, पिशवीत नेहमी एक पिळलेला ओला रुमाल. बाप कुठल्याशा छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता, असं तिने विचारल्यावर सांगितलं. न विचारता ती फारसं सांगत नसे.

आप्पांनी कामाची वाटणी केली. भाचीला आवक टेबल. रोज येणारं प्रत्येक पत्र घ्यायचं, शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक टाकायचा आणि ज्याचं त्याच्या टेबलावर ठेवायचं. ठेवलं की झालं हातावेगळं. दिवसाला पंचवीस-तीस कुठेच जात नाहीत.

दुसरीला कपाट.

कपाटाबद्दल जरा सांगायला हवं. साहेबांच्या केबिनशेजारी हिरव्या रंगाचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात दोनशे बारा फायली होत्या. प्रत्येक फाईलवर साहेबांच्या हातचा शेरा, दोनच शब्दांचा: ‘चर्चा करावी.’ बाहेरच्या माणसाला वाटेल, चर्चा करायची आहे. तसं काही नसतं. अर्जदाराला नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं. हो म्हणायचं तर तरतूद शोधावी लागते. या दोन्हींतून सुटायचं असेल तर साहेब ‘चर्चा करावी’ लिहितात आणि हेडक्लार्क फाईल कपाटात ठेवतो. कोणी कोणाला फसवत नाही. अर्जदाराने विचारलं तर खरं तेच सांगता येतं, "चर्चेत आहे." हे आप्पांना त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कने शिकवलं होतं. त्यालाही कोणीतरी शिकवलंच असेल, तेही बिनमानधनाचं.

"यांची यादी कर," आप्पा दुसरीला म्हणाले. "विषय, तारीख, अर्जदार. घाई नाही."

"यादी झाल्यावर, सर?"

"यादी होऊ दे आधी."

त्यांच्या हिशेबाने यादीला सहा महिने सहज पुरले असते. धूळच तेवढी होती. दुसरीने ओला रुमाल तोंडाला बांधला आणि यादी सतरा दिवसांत केली. अठराव्या दिवशी अकरा वाजता तिने सगळ्यांत वरची फाईल उचलली, साहेबांच्या दारावर टकटक केलं आणि आत गेली.

आप्पा तेव्हा सह्यांच्या कागदांची चळत घेऊन दाराशी पोचतच होते. दार अर्धवट उघडं राहिलं होतं.

"काय आहे?" साहेबांचा आवाज.

"चर्चेला आले, साहेब."

"कसली चर्चा?"

"आपण लिहिलंय ना. दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा नाही, ही फाईल. चर्चा करावी, असा शेरा आहे."

आत पंख्याचं एक पातं कुरकुरत होतं. आप्पांनी कागदांची चळत एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना पोरीची थोडी कीव आली. थोडं बरंही वाटलं. साहेब आता फाडून खाणार, आणि सहा महिन्यांचा प्रश्न आजच निकालात निघणार.

"हे तुला कोणी सांगितलं? आप्पांनी?"

"नाही साहेब. त्यांनी यादी सांगितली होती, ती झाली. पुढचं फाईलवरच लिहिलेलं होतं. महिन्याचं मानधन घेते मी. नुसती यादी करून घ्यायचं म्हणजे हात आखडतो."

मग आप्पांना जे ऐकू आलं त्याचा हिशेब त्यांना पुढे कित्येक दिवस लागेना. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, "बस. किती पायऱ्या आहेत?"

"अकरा. काल संध्याकाळी मोजून आले. सातवी फुटलीय."

चर्चा चाळीस मिनिटं चालली. आप्पा बाहेर आठ मिनिटं उभे राहिले आणि मग चळत घेऊन जागेवर परत आले.

"काय झालं हो?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"चर्चा चाललीय."

"म्हणजे कपाटात?"

"नाही. खरीच."

टायपिस्टबाईंनी टायपिंग थांबवलं. शिपायाने, कोणी सांगितलेलं नसताना, दोन चहा आत नेले. बाहेर आला तेव्हा चेहरा असा की जणू आत कोणी गात बसलं होतं. "साहेब कागदावर पायऱ्या काढतायत," तो म्हणाला. "पेन्सिलने."

दुपारी आप्पांनी दुसरीला बोलावून घेतलं. रागावून नव्हे, राग हा त्यांच्या लेखी वायफळ खर्च होता.

"हे बघ, बाळ. त्या शेऱ्याचा अर्थ तसा नसतो."

"मग कसा असतो, सर?"

आप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हा अर्थ एकतीस वर्षांत त्यांनी कधी मोठ्याने म्हटलेला नाही. तो सगळ्यांना माहीत होता, म्हणून म्हणायची वेळ आली नव्हती. म्हणून पाहिला असता तर कसा ऐकू आला असता, ते त्यांना आत्ताच कळत होतं.

"तो... सवडीने करायचा असतो," ते म्हणाले.

"मग बरंय. मला सवड आहे."

त्या दिवसापासून अकराला चर्चा ठरून गेली. एका वेळी एकच फाईल, ती निकालात निघेपर्यंत. दुसरी आदल्या संध्याकाळी ती जागा बघून येई. बागेतला एक बाक भिंतीकडे तोंड करून बसवलेला होता आणि त्यावर बसणाऱ्यांनी सहा वर्षांत तीन अर्ज केले होते. तो फिरवायला दोन माणसं आणि एक तास लागला. एका गल्लीतला दिवा दिवसा जळे आणि रात्री विझे; तो रात्रीचा जळू लागला. दवाखान्याच्या पायऱ्यांना पाचव्या आठवड्यात कठडा लागला. साहेब स्वतः बघून आले आणि परतल्यावर हाताला लागलेला रंग रुमालाने पुसत बसले, पुसून झाला तरी पुसत बसले. सगळंच काही जमलं असं नाही. काही फायलींवर साहेबांनी सरळ ‘नाही’ लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि अर्जदाराला कळवलं. एक अर्जदार तर नकाराचं पत्र घेऊन आभार मानायला आला. तो आठ वर्षं चर्चेत होता.

आप्पांना बोचलं ते वेगळंच. महिनाभराने सह्या घ्यायला आत गेले तेव्हा दुसरी समोर बसली होती आणि साहेब तिला एक पिवळी पडलेली फाईल दाखवत होते.

"ही माझी इथली पहिली," साहेब म्हणत होते. "नवीन आलो होतो. मला त्यातलं काही कळेना, म्हणून लिहिलं, चर्चा करावी. आणि वाट बघत बसलो, कोणीतरी समजावून सांगायला येईल. दोन दिवस बघितली. मग वाटलं, इथे अशीच रीत असेल." ते हसले. "नंतर रीत सोयीची वाटायला लागली, ते निराळं."

आप्पांनी सह्यांचे कागद पुढे केले. साहेबांनी सवयीने एकामागून एक सह्या केल्या, न वाचता. नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आप्पांना स्पष्ट आठवत होता. फाईल बाहेर आली, त्यांनी शेरा वाचला आणि मनात म्हटलं, हा साहेबही जाणता दिसतोय. आणि कपाट उघडलं.

ही नोंद कोणाच्या नावे टाकायची, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं नाही.

सहा महिने भरत आले. अहवालाचा छापील कागद आला. आप्पा तो घेऊन एका शुक्रवारी उशिरापर्यंत बसले. ऑफिसात फक्त भाची राहिली होती, मामाबरोबर घरी जायला थांबलेली. त्यांनी आवक नोंदवही मागवून घेतली, शेवटचा क्रमांक पाहिला, ताळा केला. मग दुसरीची यादी पाहिली.

पहिली: दोन हजार नऊशे चौदा. दुसरी: अडतीस.

एकही आकडा खोटा नव्हता. आप्पांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती आणि आताही करायची गरज पडली नाही. ते दोन आकडे एकाखाली एक लिहून ते त्यांच्याकडे बघत राहिले.

भाचीने खांद्यावरून वाकून पाहिलं. "मामा, मी नुसते शिक्के मारलेत."

"मग? शिक्का काय आपोआप बसतो?"

"तिचे अडतीस जास्त भरतात. तुम्हालाही माहितीय."

"रकान्यात वजन विचारलेलं नाही. संख्या विचारलीय."

"तिला सांगू का मी? दुपारी डबा बरोबरच खातो आम्ही. तोंड दाखवायला नको का मला?"

"तुझी आई मला तोंड दाखवू देणार नाही, त्याचं काय?" आप्पा म्हणाले, आणि हे आपण भाचीपुढे बोलायला नको होतं असं त्यांना बोलल्याबरोबर वाटलं. भाचीने पिशवी खांद्याला लावली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

अहवालात शेवटी एक रिकामी ओळ होती, ‘हेडक्लार्कचा अभिप्राय’. आप्पांना तिथे काहीही लिहिता आलं असतं. त्या ओळीत अडतिसांचं वजन सहज मावलं असतं. बाक, कठडा, दिवा, आठ वर्षांचा अर्जदार. त्यांनी टोपण काढून पेन ओळीवर टेकवलं. ताईचे गुडघे आठवले. मग ‘आकड्यांप्रमाणे’ एवढं लिहून त्यांनी सही केली.

सोमवारी ते सह्यांच्या चळतीत अहवाल घेऊन आत गेले. वरून पाचवा कागद. साहेब दुसरीशी खेळाच्या मैदानाच्या फाटकाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता सह्या करत होते. पाचव्यावरही केली.

आदेश निघाला तेव्हा ताईने फोन केला. "नंबर काढला म्हणायचा पोरीने!"

"आकडे तिचेच आहेत, ताई."

"तू शब्दाचा पक्का. मी म्हटलंच होतं हिच्या बाबांना." मग थोडं थांबून, "पण ही तोंड पाडून का बसलीय रे? काही बोलेना."

"दमली असेल," आप्पा म्हणाले. त्यांना वाटलं होतं, शब्द पाळल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं होतंही. फक्त ते उतरून कुठे गेलं नव्हतं, शेजारच्या खुर्चीत बसलं होतं.

शेवटच्या दिवशी दुसरी त्यांच्या टेबलापाशी आली. आप्पांनी दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती. नियम, रकाना, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, वगैरे. तिने ती खर्च करू दिली नाहीत.

"सर, एकशे चौऱ्याहत्तर राहिल्यात. जवळजवळच्या जागांच्या एकत्र लावल्यात, म्हणजे एका फेरीत तीन-चार बघून होतात." तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "उद्या अकराला साहेबांनी गटाराच्या झाकणांची ठेवलीय. कोण जाणार आहे?"

"बघतो," आप्पा म्हणाले.

ती मान हलवून गेली. जिन्यात तिचा आणि भाचीचा आवाज बराच वेळ येत राहिला; काय बोलत होत्या ते कळलं नाही, पण मधे एकदा दोघी हसल्या आणि आप्पांना उगाच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना साहेबांची घंटा वाजली. शिपाई आत जाऊन आला. "चर्चेला कोण येतंय, विचारतायत."

आप्पांनी भाचीकडे पाहिलं.

"मी जाईन, मामा," भाची म्हणाली. "पण उद्यापासून. ती आदल्या दिवशी जागा बघून यायची. मी अजून फाईलसुद्धा वाचलेली नाही. तुम्ही वाचलीय ना?"

टायपिस्टबाईंनी मान वर केली आणि परत खाली घातली, पण टायपिंग काही सुरू केलं नाही.

आप्पा उठले. कपाट उघडलं. वरचीच फाईल गटाराच्या झाकणांची होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने आत ठेवली होती, कधी ते मुखपृष्ठावर त्यांच्याच अक्षरात होतं, आणि ठेवण्यापूर्वी उघडली नव्हती.

साहेबांनी मान वर केली. "ती कुठे आहे?"

"मुदत संपली, साहेब. काल."

"वाढ मिळाली नाही?"

"आवक टेबलावरच्या मुलीला मिळाली. आकड्यांप्रमाणे."

"सही कोणी केली?"

साहेबांनी क्षणभर आप्पांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पेनाकडे. पेन त्यांनी हळूच टेबलाच्या कडेला ढकललं. कोणीच कोणाला काही म्हटलं नाही. म्हणायला लागले असते तर दोघांनाही म्हणावं लागलं असतं.

"बसा," साहेब म्हणाले.

नऊ वर्षांत आप्पा त्या केबिनमध्ये कधी बसले नव्हते. खुर्ची त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणी निघाली.

"झाकणं किती?"

आप्पांनी फाईल उघडली. अर्ज चार होते, अक्षरं चार, आणि आकडे चार ठिकाणी चार. एकाने सहा म्हटलं होतं, एकाने नऊ. तिसऱ्याने आकडा दिला नव्हता, नुसतंच लिहिलं होतं, ‘मुलं शाळेला जातात त्या बाजूची सगळी.’ चौथ्यात झाकणांऐवजी लोकांनी काय काय ठेवलंय त्याची यादी होती: पाट, जुनं दार, एक सायकलचं चाक. आप्पांनी चारही अर्ज दोनदा वाचले. ताळा बसेना.

"नक्की सांगता येत नाही, साहेब."

"मग?"

"बघतो," असं तोंडापर्यंत आलं होतं. आप्पांनी ते गिळलं. "जाऊन मोजावी लागतील," ते म्हणाले. "जातो."

"आता?"

"शाळा सुटायच्या आत."

बाहेर येऊन त्यांनी शिपायाकडे हालचाल नोंदवही मागितली. ऑफिसच्या वेळात बाहेर पडणाऱ्याने तिच्यात कुठे जातो आणि कशासाठी, ते लिहायचं असतं. शिपायाला ती शोधायला वेळ लागला. आप्पांनी तारीख घातली, वेळ घातली, ‘शाळेचा रस्ता’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात ते थोडे थांबले. मग ‘झाकणे मोजणे’ असं लिहून त्यांनी खाली सही केली आणि भाचीला म्हणाले, "चल, ऊठ. पेन्सिल घे."